बोटं माझी, दोरा त्यांचा

१८ ऑगस्ट, रविवार

दोऱ्यावर नखाने खूण केली, डाव्या हाताची चार बोटं टेबलावर पुन्हा जुळवली, आणि दुसऱ्यांदा चार मोजून झाली तेव्हा दोऱ्याचं टोक नेमकं करंगळीच्या बाहेरच्या कडेला आलं. आठ. आजोबांनी मान हलवली. मालिनीकाकूंनी दारातूनच आकडा विचारला, वहीत लिहिला आणि मगच चहा ठेवला.

या घरातली ही माझी तिसरी सकाळ. रोज साडेसहाला उठून मी एका आजोबांचं मनगट मोजते हे आईला सांगितलं तर तिचा विश्वास बसणार नाही. अमरावतीत मला आठ वाजता तीन हाका लागायच्या.

खोली विद्यार्थ्यांच्या ग्रुपवरून मिळाली. मॉरिसव्हिल, टाऊनहाऊस, वरची खोली, मराठी कुटुंब, मुलगीच हवी. विमानतळावर मालिनीकाकू घ्यायला आल्या होत्या. बॅगा घेण्याआधी त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत. मला भरून आलं. बोलण्याला तमिळ हेल होता, त्याचा खुलासा गाडीत झाला. हे तंजावरचे मराठी, तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेल्या लोकांपैकी. घरात अजून मराठी बोलतात, पण अशी की मला अर्ध्या वाक्यावर थांबून विचार करावा लागतो. आजोबांना तसं म्हटलं, तर म्हणाले, तुमची इंग्रजीने नासली, आमची तमिळने, रागवायचं कोणी कोणावर? पहिल्या दिवशी काकूंनी डांगर पचडी केली. आईच्या डांगराची चव. मी तीनदा वाढून घेतलं.

घरात माणसं दोनच. आजोबा, म्हणजे विष्णुराव, सत्त्याऐंशी वर्षांचे, आणि त्यांची सून मालिनीकाकू. मुलगा संजयकाका नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात, अर्विंगला असतात, दर दुसऱ्या शनिवार-रविवारी येतात. मागे पाइनची झाडं. विमानं इतकी खालून जातात की चाकं मोजता येतील.

आजोबा सिद्ध वैद्य, म्हणजे तमिळ मुलखातल्या सिद्ध पद्धतीचे. तंजावरात साठ वर्षं रोगी पाहिले. इथे औषध द्यायला संजयकाकांची सक्त मनाई आहे, म्हणून आता रोगी एकच, ते स्वतः. त्यांच्या शास्त्रात नाडी असतेच, पण मापही असतं. मनगटापासून चार बोटं वर, हाताभोवती कच्चा सुती दोरा एकदा फिरवायचा आणि तोडायचा. मग तो दोरा रोग्याच्याच जुळवलेल्या बोटांवर मोजायचा. दहा-साडेदहा बोटं भरला तर माणूस निरोगी. नऊला काहीतरी बिनसलेलं. आठ म्हणजे आतून पोखरलेला. सहाच्या खाली वैद्य औषध देत नाही, आणि चारला संपतं.

मला हे फार आवडलं. सेंटिमीटर नाही, इंच नाही. माणूस स्वतःचीच पट्टी. मी संख्याशास्त्र शिकायला आले आहे. आमच्याकडे यालाच गुणोत्तर म्हणतात आणि त्यावर पेपर लिहितात.

अडचण अशी की संधिवाताने आजोबांची बोटं पक्ष्याच्या पायासारखी वळली आहेत. ती जुळत नाहीत. म्हणून त्यांनी माझी मागितली. अगदी रीतसर. माझा दोरा तुझ्या बोटांवर मोजशील का, राजीखुशीने? मी हो म्हटलं. पुन्हा विचारलं. हो. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मला हसू आलं, म्हटलं, आजोबा, बोटंच तर आहेत, घ्या की. जुन्या माणसांची अदब.

नोंद म्हणून: माझी चार बोटं मिळून ६.८ सेंटिमीटर. स्टीलच्या पट्टीने मोजली.

२५ ऑगस्ट, रविवार

आठ. आठवडाभर आठच.

मोजून झाल्यावर दोरा जाळायचा असतो. काकू तो भुवया कोरायच्या चिमट्याने उचलतात, बोट लागू देत नाहीत. हाताला क्रीम असतं म्हणतात. घरात जाळला तर स्मोक अलार्म किंचाळतो, म्हणून मागच्या पॅटिओवर एका डब्यात. बुधवारी पाऊस होता. मी म्हटलं, द्या, मी नंतर जाळते. जाळला नाही. तारीख घालून या वहीत चिकटपट्टीने लावला. मोजलेली गोष्ट फेकून द्यायची नाही हे आमच्या सरांनी पहिल्याच तासाला सांगितलं आहे. त्यानंतरचे सगळे दोरे इथेच लावते आहे. पहिल्या आठवड्यातलेही तीन डब्याच्या तळाशी न जळता ओले राहिलेले सापडले, तेही. काकूंना सांगते की जाळले. एवढंसं खोटं.

गंमत म्हणून माझं मनगटही मोजलं. माझा दोरा, माझी बोटं. नऊ. आजोबा म्हणाले, झोप पुरी कर, दहा होईल. हाही दोरा वहीत लावला. १५.३ सेंटिमीटर.

काकूंचे हात फार सुंदर आहेत. सहावीतल्या मुलीचे असावेत तसे. बांगड्या निसटू नयेत म्हणून त्या रबराने एकत्र बांधतात. गाडी चालवताना खाली दोन उशा घेतात. मी म्हटलं, काकू, तुम्हाला तर लहान मुलांच्या सेक्शनमध्ये कपडे मिळत असतील, स्वस्तात. त्या म्हणाल्या, मिळतात.

८ सप्टेंबर, रविवार

सव्वाआठ. मंगळवारपासून रोज सव्वाआठ.

घरात सण असल्यासारखं आहे. अकरा महिन्यांनी आकडा वर गेला. आजोबांनी आज कप स्वतः धरला. दोन्ही हातांनी, पण धरला.

संजयकाका आले होते. त्यांनी सगळं टिंगलीत घेतलं. अप्पांना स्टॅटिस्टिक्सवाली नर्स मिळाली, आता अप्पांचा पण डेटा निघणार. मग जेवताना काकूंना म्हणाले, बघ, तू मोजत होतीस तेव्हा वर्षभर वर गेला नाही, मोजणाऱ्याचा हात लागतो. काकू आमटी वाढत होत्या. डाव माझ्या ताटावर जरा जास्त वेळ थांबला.

म्हणजे माझ्या आधी काकू मोजत होत्या. मला कोणी सांगितलं नव्हतं.

माझा आकडा नऊ.

२२ सप्टेंबर, रविवार

साडेआठ.

आईची अंगठी दोनदा निसटली. निघताना तिने स्वतःच्या बोटातून काढून माझ्या मधल्या बोटात घातली होती, घट्ट बसायची, साबण लावून काढावी लागायची. गुरुवारी वर्गात हात वर केला तर ती मागच्या बाकावर जाऊन पडली. सगळे हसले. मीही. आज सकाळी भांडी घासताना सिंकमध्ये गेली. काकूंनी पाइप उघडून काढून दिली, न विचारता, जणू त्यांना हे काम सवयीचं आहे. आता ती गळ्यातल्या साखळीत घातली आहे.

फोन माझं बोट ओळखत नाही. पुन्हा नोंदवलं. चार दिवसांनी पुन्हा नाही.

इथलं पाणी, इथलं जेवण, बसच्या मागे धावणं. सगळ्याच मुली पहिल्या सेमिस्टरला बारीक होतात, यामिनी म्हणाली. ती माझ्याच वर्गात आहे, नागपूरची, शेजारच्या गावात, केरीला राहते. मला म्हणाली, यार, मला पण हे डाएट पाठव.

माझा आकडा नऊ. म्हणजे तब्येतीत फरक नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

नऊ. आजोबा आणि मी आता बरोबरीत. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांची तर्जनी सरळ झाली आहे.

काठी घेऊन ते कोपऱ्यावरच्या टपालपेट्यांपर्यंत जाऊन आले. शेजारच्या बाईने टाळ्या वाजवल्या. दुपारी त्यांनी मला त्यांच्या पहिल्या रोग्याची गोष्ट सांगितली, एका विणकराची. त्याचा दोरा साडेपाच भरला होता. आजोबांनी औषध दिलं नाही, पण रोज त्याच्याजवळ जाऊन बसले. बसायचं का, असं मी विचारलं. तर म्हणाले, माणूस कमी होत जातो तेव्हा कोणीतरी पाहायला हवं.

आईने व्हिडिओवर पाहिलं आणि रडली. खांदे कुठे गेले, म्हणाली. मी कॅमेऱ्याला दोष दिला.

घड्याळाच्या पट्ट्याला नवं भोक पाडलं. जीन्सचे पाय दुमडावे लागतात. जीन्स ढिली होते हे समजतं. लांब कशी होईल?

माझा आकडा नऊ.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

विद्यापीठाच्या दवाखान्यात जाऊन आले. वजन सात किलो कमी. रक्त ठीक, थायरॉइड ठीक, साखर ठीक. तिथल्या मुलीने उंची घेतली. पाच फूट दोन. मी म्हटलं, माझी पाच चार आहे. ती म्हणाली, सगळे थोडी वाढवूनच सांगतात. तिने फॉर्मवर बासष्ट इंच लिहिलं आणि ताणाबद्दलचं पत्रक दिलं.

व्हिसासाठी मोजली होती. पाच चार.

२७ ऑक्टोबर, रविवार

साडेनऊ.

आज रविवार, माझा दोरा अजून मोजलेला नाही. आधी हे लिहिते.

शुक्रवारी आजोबांना अठ्ठ्याऐंशी पूर्ण होतात. भेट म्हणून आलेख करायचं ठरवलं होतं. खाली तारखा, उभा आकडा, आठपासून साडेनऊपर्यंत चढत जाणारी रेघ. फ्रेम करून देणार होते. नुसते आकडे कशाला, दोरे आहेतच, सेंटिमीटरही दाखवू, म्हणून जेवण झाल्यावर पट्टी घेऊन बसले. वहीतला पहिला दोरा, १६ ऑगस्ट. १३.६.

८ सप्टेंबर. १३.६.

२२ सप्टेंबर. १३.६.

आज सकाळचा. १३.६.

एकाहत्तर दोरे आहेत. सगळे मोजले. मिलिमीटरचा फरक नाही.

आजोबांचं मनगट वाढलेलं नाही. दोरा तेवढाच आहे आणि त्यात माझी बोटं जास्त मावतात.

डाव्या हाताची चार बोटं जुळवून पट्टीवर ठेवली. ५.७.

मग माझं मनगट. दोरा १२.९. माझ्याच बोटांवर मोजला. नऊ.

नऊ. म्हणूनच नऊ. पट्टी आणि माप दोन्ही एकाच वेळी आखूड होत होती, आणि मी दर रविवारी लिहीत होते की फरक नाही. पहिल्या वर्षाच्या पोराने केली नसती अशी चूक. मी दोन महिने केली.

२८ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी खाली गेले नाही. डोकं दुखतं म्हणून सांगितलं.

जिन्यात लग्नाचा फोटो आहे. रोज त्याच्यासमोरून जाते. संजयकाका आणि काकू. आज उभं राहून पाहिला. काकू काकांच्या बरोबरीच्या. हार घालताना काकांना मान वाकवावी लागलेली नाही. आज काकू काकांच्या छातीपर्यंत येतात.

फोटो काढून घेतला आणि स्वयंपाकघरात नेला. त्या भांडी लावत होत्या. वही उघडून दोरेही दाखवले. त्यांना दोऱ्यांचाच जास्त राग आला. जाळले म्हणाली होतीस, म्हणाल्या. मग हात पुसून बसल्या. पाय जमिनीला टेकत नव्हते.

सगळं सांगितलं. आवाज एकदाही वर गेला नाही. दोरा आणि बोटं एकाच माणसाची हवीत, हा नियम आहे आणि तो वैद्याला पहिल्या दिवशी शिकवतात. वेगळी असली तर वाट होते. बोटं ज्याची, त्याच्यातून जातं. दोरा ज्याचा, त्याच्याकडे येतं. आधी सासूबाईंची बोटं होती. त्या गेल्या तेव्हा त्यांना पाळण्यातल्या दुलईत गुंडाळलं होतं. मग काकू. अकरा वर्षं. शेवटी त्यांच्यात निघण्यासारखं फार उरलं नाही, म्हणून आकडा अडकला.

मी विचारलं, काकांना सांगितलं नाही? सांगितलं होतं. ते म्हणाले, तू जेवत नाहीस नीट.

मुलगीच हवी हे त्यांनीच लिहिलं होतं. विमानतळावर हात पाहिले आणि बरं वाटलं, म्हणाल्या. मोठे होते. वर्ष-दीड वर्ष तरी पुरले असते.

हे सांगताना त्यांनी माझ्यासमोर चहा ठेवला. साखर बरोबर होती.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

आजोबांना विचारलं. ते सनरूममध्ये पेपर वाचत होते, पान स्वतः उलटत.

नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, मी तीनदा विचारलं होतं. न विचारता मी कधी कोणाचं घेतलं नाही.

मी म्हटलं, काय घेणार ते सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, तू विचारलं नव्हतंस.

मग हात पुढे केला. सकाळचा दोरा राहिला होता.

४ नोव्हेंबर, सोमवार

यामिनीकडे, केरीला. पाच दिवस झाले. तिला सांगितलं की घरात पाहुणे आले आहेत.

चार बोटं ५.७. रोज ५.७. कमी होत नाही.

वाढतही नाही.

यामिनीने बाजूला उभं राहून आरशात पाहिलं आणि तिचं हसू मध्येच थांबलं. ऑगस्टमध्ये मी तिच्यापेक्षा उंच होते.

दिवाळीचा फराळ आईने पाठवला. पाकिटावर लिहिलं आहे, अंगाला लागू दे.

११ नोव्हेंबर, सोमवार

५.७.

परीक्षेत पेन दोनदा सुटलं. बसमध्ये ड्रायव्हरने शाळा कुठली विचारली.

मला जास्त काही नको. ६.८ हवं. माझं होतं तेवढंच.

आईला दोन आठवडे व्हिडिओ केला नाही. डिसेंबरात तिचं इकडे येणं ठरलं आहे. तिकीट निघालं आहे.

१६ नोव्हेंबर, शनिवार

काकूंचा फोन. आकडा उतरत नाही, आजोबा ठणठणीत आहेत, आता मोजायलाही कोणी लागत नाही. सगळी बोटं सरळ झाली. दाराची कडी स्वतः लावतात.

मग म्हणाल्या की बोटं सरळ झाली म्हणजे आता त्यांच्यावर दोरा ठेवता येईल.

मला लगेच समजलं. दोरा माझा, बोटं त्यांची.

तुम्ही स्वतः का केलं नाही आजवर, मी विचारलं. वाकडी होती, म्हणाल्या. वाकड्या बोटांवर दोरा बसत नाही. शिवाय एकटीने जमणार नाही. ते आता जड झाले आहेत, आणि त्या—

एकदा मोजून उचलला तर कणभर येतं. ठेवूनच दिला तर येत राहतं.

ठरलं असं. पुढच्या शनिवारी, जेवणानंतर ते झोपतात तेव्हा. आधी माझा दोरा, ६.८ होईपर्यंत. मग मी उचलायचा आणि काकूंचा ठेवायचा. जे आहे ते आम्हा दोघींचंच आहे. सासूबाईंचंही आहे, काकू म्हणाल्या, पण त्या मागायला येणार नाहीत.

उचलशील ना वेळेवर, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. पुन्हा विचारलं. हो. तिसऱ्यांदा विचारायच्या आत मी फोन ठेवला.

२३ नोव्हेंबर, शनिवार

एक वीस. सनरूम. ते आरामखुर्चीत झोपले आहेत. उन्हात. बाहेर कोणीतरी पानं उडवायचं यंत्र चालवतंय, त्याचा आवाज आहे ते बरं.

हात पालथा, खुर्चीच्या हातावर ठेवलेला. चार बोटं जुळलेली. नखं गुलाबी. मधल्या बोटावर तीळ आहे, माझ्यासारखा. माझ्या बोटावर आता नाही.

माझा दोरा ठेवला. १२.९. काकू दोन्ही टोकं चिमट्याने धरून बसल्या आहेत. मी मोजते आणि लिहिते.

एक पस्तीस. ५.८.

एक बावन्न. ६.०. पेन नीट बसतंय. दुखत नाही. ऊब येते, थंडीतून आल्यावर चहाचा कप धरावा तशी.

दोन पाच. ६.३. त्यांची करंगळी वळली. काकूंनी ती पुन्हा सरळ करून धरली.

दोन पंधरा. ६.५. जीन्स घोट्यावर आली.

दोन वीस. ते जागे आहेत. डोळे उघडे. हात ओढत नाहीत, बघतायत. म्हणाले, पोरी, विचारलंस का?

नाही विचारलं.

म्हणाले, मग नको. उचल.

मी त्यांचं मनगट खुर्चीच्या हातावर दाबून धरलं. माझा हात आता पुरतो.

दोन तीस. ६.८. काकू म्हणाल्या, झालं. पट्टी त्यांनीही पाहिली. दुसरा दोरा त्यांनी तोडून तयार ठेवलाय. एवढासा. ताईतासारखा.

६.८ च आहे. पट्टी जाड आहे, नीट वाचता येत नाही. एकदा खात्री करते.

दोन छत्तीस. ७.०. आईला सांगता येईल की—

काकू हात ओढतायत माझा. जोर नाही त्यांच्यात. लहान मुलासारखं. हिमानी, हिमानी म्हणतायत. त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नव्हती.

७.२. थोडंच. पुढे कधी कमी पडलं तर—

ते माझ्याकडेच बघतायत. कोणीतरी पाहायला हवं, असं म्हणाले होते. मी पाहते आहे. बोटं एकेक—

काकू, थांबा. उचलते. अजून एक मिनिट, उचलते, अजून

२४ नोव्हेंबर, रविवार

सकाळी सव्वासहाला आजोबा गेले. संजयकाका दुपारच्या विमानाने येत आहेत.

चार बोटं ८.१. अंगठी करंगळीतही जात नाही.

काकू माझ्या वरच्या खोलीच्या दाराबाहेर उभ्या आहेत. दोरा हातात आहे. तुझ्या बोटांवर ठेवू देतेस का, असं तीनदा विचारलं.

मी दार उघडलं नाही.